साक्ष नव्हे, तक्रार

जानेवारी २०२० मध्ये ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या गावात भरलं. कागदोपत्री गाव तेव्हा उस्मानाबाद होतं, बोलण्यात मात्र धाराशिव कधीचंच होतं. अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो, या पदावर बसलेले पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. निवड झाल्यापासून वाद पेटला होता. धर्मगुरू अध्यक्ष कशाला, असे सवाल झाले, धमक्या आल्या, बंदोबस्त लागला. फादरांनी पंचाहत्तरी ओलांडलेली, प्रकृती साथ देत नव्हती. तरी ते आले आणि बोलायचं ते बोलले. पाचच दिवसांपूर्वी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात मारहाण झाली होती, तीही त्यांनी वगळली नाही. आमच्या चिमूटभर ख्रिस्ती मंडळीची मान त्या तीन दिवसांत जरा वर झाली. ते कॅथलिक, आम्ही प्रोटेस्टंट, पण तेवढ्यापुरता हा फरक कुणाच्या ध्यानात राहिला नाही.

संमेलन उठल्यावर मला शाळेत एकीनं विचारलं, "बाई, तुमच्या फादरांनी एवढं बळ आणलं कुठून?" मी ठरलेलं उत्तर दिलं, "श्रद्धेतून." उत्तर खोटं नव्हतं, पण पोकळ होतं. भरपूर श्रद्धा असलेली माणसं गुडघ्यात डोकं खुपसून बसलेली मी पाहिली आहेत, आणि त्यांना कुणी 'विश्वास ठेवा' म्हटलं की ती आणखी खचतात, हेही पाहिलं आहे. वसईत पर्यावरणासाठीच्या 'हरित वसई' लढ्यात गुंडांपुढे उभे राहिलेल्या फादरांनी आपल्या आत्मचरित्राला नाव दिलं 'नाही मी एकला'. माझ्या उत्तरापेक्षा ते बरंच नेमकं आहे.

आमच्याकडे गुरुवारी संध्याकाळी घरोघरी प्रार्थनासभा असते. दोन गीतं, वाचन, मग साक्ष. साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगायचं. बहुतेक साक्षींचा साचा एकच: संकट आलं, प्रार्थना केली, संकट गेलं, देवाची स्तुती असो. ज्याचं संकट अजून दारातच बसलेलं आहे, त्यानं या साच्यात काय ओतायचं, हे कुणी सांगत नाही. तो बहुधा सभेलाच येईनासा होतो.

२०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला. ज्या जिल्ह्याचे उन्हाळे टँकरची वाट बघण्यात गेले, त्या जिल्ह्यातल्या परंडा तालुक्यात माणसं हेलिकॉप्टरनं उचलावी लागली. नदीकाठची जमीन खरवडून गेली, पिकाखालची माती गेली, खाली मुरूम उघडा पडला. त्या भागातल्या एक मावशी पुढे काही आठवडे लेकीकडे, आमच्या गल्लीत, राहायला होत्या. गुरुवारी आल्या. पाळकसाहेबांनी सवयीनं विचारलं, "मावशी, साक्ष देता?"

मावशी पदर सावरून उठल्या. "साक्ष न्हाई माझ्याकडं. तक्रार हाय. पाऊस दिला न्हाईस तवा बी मीच सोसलं. आता दिलास तर माझीच माती न्यायची? दावणीची शेरडं सोडायला बी येळ दिला न्हाईस. कडब्याची गंजी डोळ्यांदेखत गेली. त्वा बघत व्हतास का न्हाई, तेवढं सांग." एवढं बोलून त्या खाली बसल्या.

सभेत कुणी खाकरलंसुद्धा नाही. कोपऱ्यातल्या एका भावानं वाक्य सुरू केलं, "मावशी, देवाची योजना..." पाळकसाहेबांनी त्याला हातानंच थांबवलं. मग बायबल उघडून त्यांनी ८८ वं स्तोत्र वाचलं, सगळं, शेवटपर्यंत. वाचून झाल्यावर अर्थ सांगितला नाही. त्या दिवसापासून मी त्यांना चांगला पाळक समजते. एरवी त्यांची प्रवचनं लांबतात.

स्तोत्रसंहितेतली दीडशे स्तोत्रं आपण स्तुतीची म्हणून ओळखतो, पण त्यातली तिसऱ्या हिश्शाहून अधिक विलापाची आहेत. बहुतेक विलाप अखेरीस आशेकडे वळतात. ८८ वं वळत नाही, ते अंधाराशी येऊन थांबतं. ज्यांनी हा ग्रंथ जुळवला त्यांना ते गाळता आलं असतं. त्यांनी ठेवलं. खुद्द येशूनं वधस्तंभावरून जो आक्रोश केला तोही एका विलापस्तोत्राचा आरंभ होता, देवानं मला टाकलं का, असं विचारणारा. एवढं सगळं पुस्तकात असताना निराश माणसाला 'तुझा विश्वास कमी पडतो' असं सुनावणारे लोक नेमकं कोणतं बायबल वाचतात, मला कळत नाही.

आणि आपण तर मराठी माणसं. देवाशी भांडायचं आपल्याला कुणी शिकवायला नको. तुकोबांनी दुष्काळात बायको-पोर गमावलं आणि विठोबाशी उभा दावा मांडला. जनाबाईनं त्याला शिव्याही दिल्या. आमच्याच जिल्ह्यातल्या तेरच्या गोरोबाकाकांची कथा पायाखाली तुडवल्या गेलेल्या लेकरापासून सुरू होते. संमेलननगरीला नाव त्यांचंच होतं. रेव्हरंड टिळक तुकोबांचं बोट धरूनच ख्रिस्ताकडे आले, असं ते स्वतः सांगत. आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांना तक्रारीचा वारसा असा दोन्ही घरांकडून मिळालेला आहे. तरी आम्ही सभेत हसऱ्या तोंडानं बसतो.

     

तक्रार करून झाली, पण बळ? ते कुठून येतं?

आमच्या मुलांना रविवारच्या शाळेत मार्काच्या शुभवर्तमानातली एक गोष्ट फार लवकर कळते. पक्षाघात झालेल्या माणसाला चौघं जण खाटेवर घालून आणतात. दारात गर्दी, म्हणून ते छपरावर चढतात, छप्पर उकरतात आणि खाट खाली येशूपुढे सोडतात. शहरातल्या पोरांना प्रश्न पडतो, स्लॅब कसा उकरला? आमच्या भागात ज्यांनी माळवदाचं घर पाहिलं आहे, त्यांना सांगावं लागत नाही. लाकडी तुळया, वर फळ्या किंवा काटक्या, त्यावर मातीचा थर. उकरता येतं. जिन्यानं वर चढून मिरच्या वाळत घालायची ती जागा.

पण याच माळवदांनी ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात माणसं गाडली. किल्लारीचं नाव झालं, मार मात्र आमच्या उमरगा-लोहारा पट्ट्यातल्या सास्तूरसारख्या गावांनीही तितकाच खाल्ला. दगडमातीच्या जाड भिंती आणि डोक्यावर दर पावसाळ्यापूर्वी वाढत गेलेला मातीचा भार. आदल्या दिवशी गणपती बुडवून दमलेले लोक झोपेत होते. हा कुठल्या पापाचा दंड, ते सांगणारे त्यानंतर सगळ्याच धर्मांत निघाले. एलीया संदेष्ट्याच्या गोष्टीत वारा येतो, भूकंप येतो, अग्नी येतो, आणि प्रत्येकाबद्दल साफ सांगितलं आहे की परमेश्वर त्यात नव्हता. हे वाक्य मला तेव्हा कुणी ऐकवलं असतं तर बरं झालं असतं. त्याच गोष्टीत, 'आता मरण दे' म्हणून झुडपाखाली आडवा झालेल्या एलीयाला देवदूत उपदेश करत नाही. निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याची सुरई ठेवतो, खाऊ घालतो, पुन्हा झोपू देतो.

मार्काच्या गोष्टीत एक बारीक गोष्ट आहे. येशूनं 'त्यांचा' विश्वास पाहिला, असं तिथं लिहिलं आहे. खाटेवरच्या माणसाच्या विश्वासाबद्दल वेगळं काहीच नाही. तो असेल, नसेल. खाट उचलणाऱ्यांचा होता, तेवढ्यावर भागलं.

आमच्या ह्यांचं दुखणं चाललं होतं, सोलापूरच्या वाऱ्या सुरू होत्या, तेव्हा मला प्रार्थना येईनाशी झाली. बायबल उशाशी होतं, उघडवत नव्हतं. 'हे प्रभू' म्हटलं की पुढे शब्द नाही. कुणाला सांगायची लाज, कारण मी मंडळीत गीतं सुरू करणारी. त्या काळात शेजारची मुसलमान बाई रोज संध्याकाळी दोन भाकरी आणि शेंगाची चटणी फडक्यात बांधून देत असे. मंडळीतला एक रिक्षावाला पहाटेच्या एसटीला सोडायला यायचा, पैसे घ्यायचा नाही, वाटेत एक अक्षर बोलायचा नाही. आणि गुरुवारी माझ्या नावानं इतर लोक प्रार्थना करत होते, हे मला नंतर कळलं. माझ्यात त्या दिवसांत काहीच बळ नव्हतं. मी खाटेवर होते. छप्पर दुसरीच माणसं उकरत होती, आणि त्यातली एक तर आमच्या देवळाची पायरी कधी चढलेलीही नव्हती.

पंडिता रमाबाईंचं मला या बाबतीत नवल वाटतं. आईबाप आणि बहीण दुष्काळाच्या फेऱ्यात गेली, पुढे नवरा गेला, १९२१ मध्ये एकुलती मनोरमा गेली. तरी केडगावात बायबलच्या भाषांतराचं काम ५ एप्रिल १९२२ ला डोळे मिटेपर्यंत त्यांनी सोडलं नाही. लोक याला पोलादी श्रद्धा म्हणतात. मला वाटतं, मुक्तिसदन या आपल्या आश्रमातल्या शेकडो मुलींच्या गलबल्यात बसून काम करणाऱ्या बाईला एकटं पडायला फुरसत तरी कुठं मिळाली असेल.

मावशींसाठी मंडळीनं वर्गणी काढून एक गाभण शेळी घेऊन दिली. उस्मानाबादी जात, कोरड्या रानात तगणारी, जुळ्यांसाठी नावाजलेली. शेताचं काय होणार ते अजून ठरलेलं नाही. मुरमावर माती आणून टाकायची तर ट्रॅक्टरच्या खेपांचा खर्च पेलणारा नाही, आणि मावशी दर सभेत ते देवाच्या कानी घालतात, जवळजवळ त्याच शब्दांत. एलीयाही तसाच होता. भूकंप-अग्नी सगळं बघून झाल्यावर देवानं पुन्हा विचारलं, तेव्हा त्यानं आधीचीच तक्रार शब्दन् शब्द परत सांगितली. देवानं त्याबद्दल त्याला बोल लावला नाही. पुढचं काम सांगितलं, आणि जोडीला अलीशा नावाचा सोबती दिला.

परवाच्या गुरुवारी मावशी पुन्हा गावाहून आल्या होत्या. शेळी व्याली, पण करडू एकच झालं. "साऱ्या गावाच्या शेरडांना दोन-दोन व्हत्यात, माझ्याच दावणीला एक का रं देवा?" पाळकसाहेबांनी मोठ्यानं 'आमेन' म्हटलं आणि मला पुढचं गीत सुरू करायला सांगितलं.