रकान्यातला जावई

दर जुलैत आमच्या घरी एक वाद ठरलेला असतो. माझ्या ठेवींवरचं निम्मं व्याज ह्यांच्या विवरणपत्रात जातं आणि ह्यांच्या गाळ्याचं निम्मं भाडं माझ्या. कर भरायची वेळ आली की ह्यांना हटकून वाटतं, आपण बायकोचा कर भरतोय. पेन्शन तेवढी ज्याची त्याची. 'सहज' नावाचा सोपा फॉर्म सगळ्या देशाला चालतो, पण व्याज-भाड्याची अशी वाटणी करावी लागणाऱ्या आपल्यासारख्यांना चालत नाही. त्यामुळे फोंड्यातला आमचा अकाउंटंट दरवर्षी शेड्यूल ५ए उघडतो, दोघांचे पॅन नंबर समोरासमोर लिहितो आणि म्हणतो, "बाई, पोर्तुगीज गेले, पण तुमचं व्याज अजून त्यांच्याच कायद्यानं वाटतोय."

आपल्यापैकी बहुतेकांना हे ठाऊक आहे. १८६७ चा पोर्तुगीज सिव्हिल कोड १८७० पासून गोव्यात लागू झाला आणि मुक्तीनंतर १९६२ च्या कायद्यानं तो तसाच चालू राहिला. लग्नाआधी नोटरीकडे वेगळा करार केला नसेल, तर नवराबायकोची मालमत्ता एक होते. अगदी लग्नाआधीची, वाडवडिलांकडून आलेलीसुद्धा. प्राप्तिकराच्या १९६१ च्या कायद्यात त्यासाठी ५ए हे कलम १९९४ साली घातलं, तेही १ एप्रिल १९६३ पासून मागे लागू करून. २०२५ च्या नव्या कायद्यातही ही तरतूद ठेवली आहे. पगार कमावणाऱ्याचा, बाकी सगळं निम्मं-निम्मं.

हे सगळं उगाळायचं कारण माझी लेक. ती न्यू जर्सीत नोकरी करते, एच-वन बी व्हिसावर. तिचं लग्न झालं फोंड्यातल्याच मुलाशी. त्याचं वरच्या बाजारात भुसारी दुकान, आजोबांच्या वेळचं. घरी वडील थकलेले, तो एकुलता. लग्न ठरतानाच बोलणं झालं होतं की दोघांतलं कोणी तरी हलेल, पण लगेच नाही. "बघूया" हा शब्द त्या घरात आणि ह्या घरात इतक्या वेळा उच्चारला गेला की शेवटी तो निर्णयच वाटायला लागला.

२०२४ च्या डिसेंबरात, म्हार्दोळला हॉलमध्ये लग्न लागलं. त्याआधी रजिस्ट्रारकडे दोन्ही सह्या झाल्या होत्या, दुसरी तर लग्नाच्या तीनच दिवस आधी. पहिल्या सहीच्या दिवशी व्याही तिथल्या बाकावर बसून मला म्हणाले होते, "विहीणबाई, दुसरी सही झाली की दुकान निम्मं तुमच्या लेकीचं." सगळे हसले. पण ते थट्टेत बोलले नव्हते. पोर्तुगीज काळात शाळेत गेलेला माणूस, कायद्याचं बोलताना त्यांचा आवाज बदलतो.

जानेवारीत लेक परत गेली. मार्चमध्ये तिचा फोन आला. "आई, तू गणितवाली ना? मग सांग, मी कोण आहे?"

अमेरिकेत विवरणपत्राच्या पहिल्याच पानावर स्वतःची स्थिती निवडावी लागते. अविवाहित, विवाहित एकत्र, विवाहित स्वतंत्र, कुटुंबप्रमुख, किंवा जोडीदार वारलेल्यांसाठी असलेली एक. फिलिंग स्टेटस म्हणतात त्याला. आपल्याकडे हा प्रश्नच नाही. भारतात प्रत्येकाचं विवरणपत्र ज्याचं त्याचं. आणि आपल्यासारख्यांचं निम्मं-निम्मं व्हायचं ते कायदाच करून देतो, कोणी विचारत नाही. तिथे मात्र निवडायचं, आणि निवडीप्रमाणे कराचा आकडा बदलतो.

कचेरीतल्या एकीनं तिला सांगितलं, "नवरा इथे नाही ना, मग अविवाहित लिही." साफ चूक. ३१ डिसेंबरला जो विवाहित, तो सबंध वर्ष विवाहित, असा तिथला नियम. लग्नाला तीन आठवडे झाले असोत की तीस वर्षं. दुसऱ्यानं सुचवलं कुटुंबप्रमुख. त्यात थोडं तथ्य होतं. जोडीदार परदेशी अनिवासी असेल तर ह्या एका कामापुरतं तुम्हाला अविवाहित धरतात. पण त्यासाठी घरात पोसलेलं मूल किंवा असंच कोणी पात्र माणूस लागतं, आणि नवरा त्यात मोजत नाहीत. तिच्या घरात तिच्याशिवाय फक्त एक तुळस होती. तीही कुंडीत.

राहिले दोन पर्याय. लेक स्वतः तिथल्या वास्तव्याच्या दिवसांच्या मोजणीवर करापुरती निवासी ठरते, जावई अनिवासी. अशा जोडप्यानं काही केलं नाही तर ती 'विवाहित स्वतंत्र'. एकत्र भरायचं असेल तर दोघांच्या सहीचं निवेदन जोडायचं, की आम्ही नवऱ्यालाही करापुरता अमेरिकेचा निवासी धरतो. मग मोठी वजावट मिळते. २०२४ सालासाठी स्वतंत्र भरणाऱ्याला १४,६०० डॉलर, एकत्र भरणाऱ्यांना २९,२००. मात्र त्या निवेदनामुळे नवऱ्याचं जगभरातलं उत्पन्न अमेरिकेच्या कागदावर येतं. फोंड्याच्या वरच्या बाजारातलंसुद्धा.

मी वही काढली. लेकीचा खरा पगार इथे लिहिणार नाही, ती रागावेल. ९५ हजार डॉलर धरू. स्वतंत्र भरलं तर केंद्राचा कर १२,७४१. एकत्र भरलं, आणि दुकानाचा नफा, वरच्या खोल्यांचं भाडं, व्याज मिळून जावयाचे १८ हजार डॉलर धरले, तरी ९,५९२. म्हणजे तीन हजार डॉलरांवर फरक, आपले अडीच लाख. शिवाय इथे भरलेल्या कराची तिथे सूट मिळते ती वेगळी. जन्मभर मुलांना शिकवलं की उत्तर आलं की खाली दोन रेघा मारा. मी दोन रेघा मारल्या आणि रविवारी वहीसकट व्याह्यांच्या घरी गेले.

घरात आम्ही कोकणीच बोलतो. ते सगळं इथे मराठीत लिहितेय, पण त्या दिवशीच्या बोलण्याची धार मराठीत येणार नाही.

व्याही शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "दुकानाचा हिशेब अमेरिकेच्या सरकारला कशाला?"

मी म्हटलं, "निम्मं दुकान सुनेचं म्हणालात ना?"

"सुनेचं म्हटलं. तिच्या सरकारचं नाही म्हटलं."

जावयानं मध्ये पडून प्रश्न विचारायला सुरुवात केली. मुलगा हिशेबाचा पक्का आहे. त्याच्या पीपीएफचं व्याज इथे करमुक्त, तिथे? तिथे करपात्र. म्युच्युअल फंड आहेत, त्यांचं काय? त्याला तिथे फार जाचक नियम आहेत आणि दर फंडाचा निराळा फॉर्म. लेकीच्या कराचं काही चुकलं तर? एकत्र विवरणपत्रावर दोघंही पूर्ण कराला जबाबदार, निम्म्याला नव्हे. त्याला तिथला करक्रमांक लागेल, त्यासाठी अर्जासोबत मूळ पासपोर्ट तरी पाठवायचा किंवा पासपोर्ट देणाऱ्या खात्याकडून साक्षांकित करून घेतलेली प्रत. आणि सगळ्यात शेवटचं, जे मलाही लेकीनं दुसऱ्या फोनवर सांगितलं होतं. ही निवड एकदा केली की पुढच्या वर्षांनाही लागू राहते. मोडता येते, पण एकदा मोडली की ह्या दोघांना ती पुन्हा कधीच करता येत नाही.

"म्हणजे घटस्फोटापेक्षा कडक," तो म्हणाला. कोणी हसलं नाही.

व्याही म्हणाले, "मग स्वतंत्रच भरू दे. तिचं तिकडे, आपलं इकडे. अमेरिकेचा संबंध नको."

इथे खरी गंमत आहे. संबंध नको म्हणून तो तुटत नाही. अमेरिकेचा कायदा विचारतो, तुम्हा नवराबायकोला कुठल्या देशाचा सामाईक मालमत्तेचा कायदा लागू आहे का? असेल तर तो पाळा. फक्त जोडप्यातला एक अनिवासी असेल आणि एकत्र भरत नसतील, तर त्यांनी काही अपवाद केले आहेत. कष्टाची कमाई कमावणाऱ्याची, धंद्याचा नफा धंदा चालवणाऱ्याचा. म्हणजे दुकान वाचलं. पण वरच्या खोल्यांचं भाडं त्या अपवादात बसत नाही. ती मालमत्ता आपल्या कोडाप्रमाणे दोघांची, म्हणून भाड्याचा निम्मा भाग लेकीचा, आणि तो तिनं तिथे दाखवायचाच. त्या वर्षी डिसेंबरच्या तीनएक आठवड्यांचा, पुढच्या वर्षापासून बारा महिन्यांचा. लिस्बनमध्ये १८६७ साली केलेला कायदा फोंड्याच्या दोन खोल्यांतून न्यू जर्सीच्या कागदावर जाऊन बसतो. भारतातही ५ए मुळे तिच्या नावावर निम्मा नफा आणि निम्मं भाडं, तेव्हा इथलं विवरणपत्रही तिला चुकत नाही.

हे सांगितल्यावर व्याही बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे रजिस्ट्रारकडे सही केली ती अमेरिकेतही चालते?"

"चालते."

"मग बरं आहे," असं म्हणून ते आत गेले. त्यांना नेमकं काय बरं वाटलं ते मला अजून कळलेलं नाही. भाड्याच्या कागदाला त्यांनी पुढे कधी हरकत घेतली नाही. दुकानाच्या हिशेबाला मात्र घेतली.

परत येताना रिक्षात मी स्वतःशी कबूल केलं की मला ते तीन हजार डॉलर नको होते. एका कागदावर दोघांची नावं एकाखाली एक लिहिलेली बघायची होती. वर्षातले अकरा महिने दोन घरी राहणाऱ्या माणसांचा एक तरी कागद एकत्र असावा, एवढंच. आणि त्यासाठी मी त्याच्या घरी गणित घेऊन गेले, जणू फक्त पैशाचं बोलणं आहे. त्यालाही ते कळलं असणार. दाराशी सोडायला आला तेव्हा म्हणाला, "आई, तिला जे सोपं जाईल ते करू दे. मी सही करीन. पण बाबांना आत्ताच नको."

लेकीनं एप्रिलमध्ये स्वतंत्र भरलं. फॉर्मवर जोडीदाराचं नाव लिहायचं आणि त्यापुढे त्याचा क्रमांक. ज्याला क्रमांक नाही आणि लागतही नाही, त्याच्यासाठी तिथे तीन अक्षरं लिहायची, एनआरए. नॉनरेसिडेंट एलियन. तिनं त्या पानाचा फोटो आम्हा सगळ्यांना पाठवला. जावयानं अर्थ विचारला. तिनं सांगितला. त्यावर त्यानं फक्त एवढं लिहिलं, "घर निम्मं तुझं, आणि मी परका?" पुढे हसरा चेहरा टाकला होता. ती त्या दिवशी रात्री माझ्याशी फोनवर बोलताना रडली. मी तिला समजावलं की हा कायद्याचा शब्द आहे, मनाला लावून घ्यायचा नाही. गणिताच्या शिक्षिकेनं समजावण्यासारखं ते काही नव्हतं.

दोन-तीन दिवसांनी तिनंच एक गोष्ट शोधून काढली. एकत्र भरलेलं विवरणपत्र मुदत उलटल्यावर स्वतंत्र करता येत नाही, पण स्वतंत्र भरलेलं मात्र नंतर एकत्र करता येतं. मूळ मुदतीपासून तीन वर्षांत. म्हणजे २०२४ च्या वर्षापुरतं १५ एप्रिल २०२८ पर्यंत. निवेदनही त्या दुरुस्त केलेल्या विवरणपत्रासोबत जोडता येतं. उलटा रस्ता बंद, हा उघडा. कोणी हा नियम का असा केला ते मला ठाऊक नाही, पण ज्यानं केला त्याला चांगलं चिंतावं असं वाटलं.

२०२५ च्या चवथीला ती आली. ऑगस्टचा शेवट, पाऊस धो धो. व्याह्यांच्या घरची माटोळी दोघांनी मिळून बांधली. सासऱ्यांनी खुर्चीत बसून सूचना दिल्या. कुठलं फळ कुठे, ह्यावरून नेहमीप्रमाणे वाद झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले तेव्हा जेवणाच्या टेबलावर करक्रमांकाचा अर्ज होता, डब्ल्यू-सात म्हणतात तो. जावयाच्या अक्षरात भरलेला. नाव, जन्मठिकाण, फोंड्याचा पत्ता. शेजारी दुकानाची वही उघडी होती आणि व्याही चष्मा लावून सुनेला भुसारातली उधारी कशी मांडतात ते दाखवत होते. ती आपल्या लॅपटॉपवर काही तरी टिपत होती. मला कोणी काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. चहा घेतला, पातोळी खाल्ली, घरी आले.

अर्ज अजून गेलेला नाही. पासपोर्टबरोबर देवघराच्या कपाटात आहे, लग्नाच्या दाखल्याखाली.