उत्तराची उलटतपासणी

0 अंश सेल्सिअसचा 100 ग्रॅम बर्फ 50 अंशांच्या 100 ग्रॅम पाण्यात टाकला. शेवटचं तापमान किती? पाण्याने गमावलेली उष्णता आणि बर्फाने घेतलेली उष्णता सारख्या, असं मांडून किंमती घातल्या की उत्तर येतं उणे 15 अंश. बीजगणितात एकही चूक नाही. फक्त गरम पाणी बर्फाहून गार झालेलं असतं!

घोटाळा समीकरण मांडण्याआधीच झाला. सगळा बर्फ वितळणार, हे आपण न बोलता धरून चाललो. पाणी 0 अंशावर येईपर्यंत 5000 कॅलरी देतं आणि 100 ग्रॅम बर्फाला वितळायला 8000 लागतात. तेव्हा 62.5 ग्रॅम बर्फ वितळेल, उरलेला तरंगत राहील, तापमान 0. उणे 15 हे उत्तर म्हणून बाद, पण साक्षीदार म्हणून उत्तम. गृहीतक कुठे फसलं ते त्यानेच सांगितलं.

*

10 किलोचा ठोकळा, स्थितिक घर्षणांक 0.5, ढकलणारं बल 20 न्यूटन. घर्षणबल किती? घर्षणांक गुणिले अभिलंब बल, म्हणजे 49 न्यूटन, असं लिहून बरेच जण मोकळे होतात. हे खरं असेल तर ठोकळा ढकलणाऱ्याच्याच अंगावर चालून यायला हवा. 49 ही घर्षणाची कमाल मर्यादा. ठोकळा हलत नाही तोवर ते मागणीपुरतंच लागतं. इथे मागणी 20 ची, म्हणून घर्षण 20 न्यूटन.

*

1 मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल 50 मिलिलिटर, तेवढंच 1 मोलर सोडियम हायड्रॉक्साइड. उदासिनीकरणात मोलमागे सुमारे 57 किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. इथे मोल 0.05, म्हणून 2.85 किलोज्यूल. 100 ग्रॅम द्रावण साधारण 6.8 अंशांनी तापतं.

आता दोन्ही द्रावणं दुप्पट घ्या. पेन न उचलता उत्तर येतं, 13.6. पण उष्णता दुप्पट झाली तसं तापवायचं द्रावणही दुप्पट झालं. वाढ पुन्हा 6.8 च. उष्णता वेगळी आणि तापमान वेगळं, हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. या उदाहरणात ते वापरावं लागतं.

*

100 मीटर उंचीवरून पडणाऱ्या धबधब्याचं पाणी किती तापेल? पहिली तक्रार ठरलेली: ‘वस्तुमान दिलेलंच नाही.’ ते लागतच नाही, दोन्ही बाजूंनी उडून जातं. किलोमागे 980 ज्यूल, भागिले 4180: सुमारे 0.23 अंश. तेही हवा आणि बाष्पीभवन विसरून. 1840 च्या दशकात ज्यूलने पडत्या वजनांनी पाण्यात वल्ही फिरवून हाच हिशेब प्रयोगाने मांडला. त्याला इतके नाजूक तापमापी का लागले, ते या 0.23 वरून कळतं.

*

अकरावी-बारावीच्या मुलांना छळणारं एक चिन्ह. एनसीईआरटीच्या भौतिकशास्त्रात कार्य म्हणजे वायूने केलेलं. रसायनशास्त्रात वायूवर केलेलं. एकाच दप्तरातली दोन पुस्तकं, ऊष्मागतिकीचा एकच पहिला नियम, चिन्हं उलट. पाठ करण्यापेक्षा विचारावं: वायू प्रसरण पावताना बाहेरून उष्णता मिळाली नाही, तर त्याची आंतरिक ऊर्जा घटेल की वाढेल? घटेल. ज्या चिन्हाने ती वाढते, ते चिन्ह त्या पुस्तकाचं नव्हे.

*

60 किलो वजनाचा माणूस दहा मजले, म्हणजे 30 मीटर चढला. गुरुत्वाविरुद्धचं कार्य 17,640 ज्यूल. आकडा भारदस्त दिसतो, म्हणून आहाराच्या भाषेत बघू: 4.2 किलोकॅलरी, जेमतेम एक ग्रॅम साखर. शरीराची कार्यक्षमता पाव धरली तर चार ग्रॅम, चमचाभर. उरलेली तीन चतुर्थांश ऊर्जा उष्णता होऊन जाते, तिच्यापायीच तर घाम.

जिने चढून वजन उतरवायला निघालेल्याने हे गणित एकदा स्वतः सोडवावं. वर पोचल्यावर साखरेचा चहा घेणार असाल, तर तेही ‘दिलेले’ या रकान्यात लिहावं.