बियाण्यापुरतं अर्धा एकर

दसरा जवळ आला की आमच्या परतूर-मंठ्याकडच्या पारावर एकच विषय असतो: हार्वेस्टर कुठलं सांगायचं? कोणी कर्तार म्हणतं, कोणी प्रीत, कोणी दशमेश. रात्री पाऊस पडून गेला असला की मात्र सगळेच म्हणतात, क्लासचं पट्ट्याचं मिळतंय का बघा.

याच पारावर आजोबांच्या वेळी चढाओढ बैलांवरून चालायची. खळ्याला देवणी बरा की लालकंधारी? ज्वारी निघाली की खळं चोपून शेणानं सारवायचं, मधोमध तिवडा रोवायचा. मुसकी घातलेल्या बैलांची पात दिवसभर त्याच्याभोवती फिरायची. उफणायला आजोबा वावडीवर चढायचे. वारं पडलं की पाटी हातात धरून तसेच थांबायचे. रास घरी जाण्याआधी सुतार-लोहाराचं बलुतं निघायचं. ते देताना आजोबांचा हात कधी आखडला नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मग सोयाबीन आलं आणि खळं गेलं. बांधावर ताडपत्रीखाली गंजी, अन् मळणीचा हडंबा कधी येतो याची वाट.

हार्वेस्टर गावात पहिल्यांदा आलं ते गव्हाला. आपला गहू फाल्गुनात वाळतो, पंजाबातला वैशाखीला. म्हणून नाभा-भादसोंकडची यंत्रं आधी आपल्याकडं फिरून जातात. एकर बघता बघता संपला. आजी बांधावरून म्हणाली, "गहू झाला रं, पण भूस कुठंय?" भूस रानभर उडालं होतं. दावणीला तेव्हा चार जनावरं होती. तिच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

आता ब्रँडचं म्हणाल तर माझं मत स्पष्ट आहे. कोरडं, सपाट, मोठं रान असेल तर पंजाबी चाकाचं यंत्र घ्या; १४ फुटी कटर असतं, काम झपाट्यानं उरकतं. पण आपली काळी माती वाफशावर नसेल तर तेच चाक रुततं. एका ऑक्टोबरात आमच्या रानात रुतलेलं यंत्र दोन ट्रॅक्टर लावून ओढलं. त्या चाकोऱ्या हरभरा पेरेपर्यंत बुजल्या नाहीत. क्लासच्या क्रॉप टायगरचं पट्ट्याचं मॉडेल कटरला जवळपास निम्मंच, पण वजन पट्ट्यावर पसरतं, म्हणून ओलीत चालतं.

तरी नावापेक्षा मोठी गोष्ट मळणीच्या ड्रमच्या वेगाची. गव्हाच्या वेगावर सोयाबीन घातलं की डाळ होते. सोयाबीनचं टरफल पातळ, अंकुर त्याच्या लगेच खाली. वरून अख्खा दिसणारा दाणाही आतून मार खाल्लेला असतो आणि पेरल्यावर उगवत नाही. बियाण्यासाठी मळताना फेरे मिनिटाला ३०० ते ४०० ठेवावेत, असं कृषी विद्यापीठवाले सांगतात. घाईतल्या ऑपरेटरला ते कोण सांगणार? मी सांगतो. पहिली टाकी रिकामी होताना ट्रॉलीत चढतो, ओंजळभर दाणे घेऊन फुटके मोजतो, दाताखाली एक धरून ओल बघतो.

जालना बियाण्याचं गाव. बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ साली महिको ही बियाणं कंपनी इथंच सुरू केली. त्या जिल्ह्यात राहून घरचं बियाणं मोडू द्यायला माझं मन घेत नाही.

म्हणून विहिरीजवळचं अर्धा एकर सोयाबीन आम्ही हार्वेस्टरला देत नाही. ते अजून विळ्यानं सोंगतो, दोन दिवस उन्हात घालतो आणि ताडपत्रीवर काठीनं हलकं बडवतो. वारं आलं की बायको सूप घेऊन उभी राहते.