खंडपीठ पुण्यात हवंच, पण कामबंद नको

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग धरून सहा जिल्ह्यांची सोय झाली. आनंदच आहे. पण आम्ही मुळशीकर अजून मुंबईलाच.

आधी पौड, मग शिवाजीनगर, आता हायकोर्ट. आमच्या बांधाच्या दाव्याचा हा प्रवास. दावा आजोबांनी घातला, आता वडिलांचे गुडघे गेलेत. तरी तारखेला आपण हजर पाहिजे, हा त्यांचा हट्ट. ऐन भातलावणीत तो खाडा परवडत नाही.

पुण्याला खंडपीठ द्या, असं पुणे बार असोसिएशन कित्येक वर्षं म्हणतेय. मागणी रास्त आहे, आमचा पाठिंबा आहे. पण वकीलसाहेब, त्यासाठी कोर्टाचं काम थांबवू नका. वकिलांना संपाचा अधिकार नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००२ मध्येच सांगितलंय. दंडाला पट्टी बांधा, कोर्टाच्या आवाराबाहेर शांततेत मोर्चा काढा, याला त्याच निकालात मोकळीक आहे. काम बंद राहिलं की सरकारचं काही बिघडत नाही, लांबून आलेला पक्षकार मात्र हात हलवत घरी जातो.

मोर्चा जरूर काढा. मुळशीतून आम्ही गाड्या भरून येऊ. फक्त रविवारी काढा!