कोपीवरची छत्री

मुलांनो, दिवाळी जवळ आली की आमच्या बीड जिल्ह्यातली बरीच गावं ओस पडायला लागतात. पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या डोंगराळ भागातली हजारो कुटुंबं ऊसतोडीला निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडं, तर कुणी थेट कर्नाटकात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची, म्हणून पाच-सहा महिने मुक्काम फडाजवळच्या कोपीत.

ट्रकमध्ये काय काय असतं? बाजरीची पोती, पत्र्याची पेटी, भांडीकुंडी, एखादी शेळी, तिच्या शेजारी लहान मुलं. आणि अलीकडं कुठं कुठं सगळ्यांच्या वर बांधलेली डिशची छत्री!

ट्रक चालू असताना मात्र ती काही कामाची नाही बरं का! छत्री थोडी जरी हलली तरी चित्र जातं. कोपी उभी राहिली, की मग पोरं कामाला लागतात. एक जण छत्री फिरवतो, दुसरा आतून ओरडतो, “आलं, आलं! नाही, गेलं! जरा डावीकडं घे की!”

आता एक गंमत पाहा. फुकट वाहिन्या दाखवणारी ‘डीडी फ्री डिश’ सेवा जीसॅट-15 या उपग्रहावरून येते. हा उपग्रह 2015 साली सोडला. तो विषुववृत्ताच्या वर सुमारे 36,000 किलोमीटरवर आहे. पृथ्वी स्वतःभोवती जेवढ्या वेळात फिरते, तेवढ्याच वेळात तो पृथ्वीभोवती एक फेरी मारतो. म्हणून आपल्याला तो आकाशात एकाच जागी थांबल्यासारखा असतो. बीडमधून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण 60 अंश वर येतो. सांगलीला गेलं तरी दिशा थोडीशीच बदलते. 36,000 किलोमीटरपुढं आपले अडीचशे-तीनशे किलोमीटर ते काय! होकायंत्र घ्या आणि तुमच्या गावातल्या छत्र्यांची तोंडं कुठं आहेत ते पाहा.

कोपीत टीव्ही नसेल तर? कॉम्प्युटरचा जुना मॉनिटरही चालतो. सेटटॉप बॉक्सची तार त्याला सरळ बसत नसेल, तर मध्ये एक छोटा जोडडबा लावावा लागतो. मॉनिटरला बहुधा आवाज नसतो, म्हणून वेगळा स्पीकर लागतो. बरेचसे बॉक्स आणि काही सपाट मॉनिटर 12 व्होल्टवर चालतात, त्यामुळं सौर पाटीवर भरलेली बॅटरी पुरते. पण मागच्या चिठ्ठीवरचा आकडा वाचल्याशिवाय आणि मोठं माणूस जवळ असल्याशिवाय तारांना हात लावायचा नाही!

त्या पडद्यावर सिनेमे दिसतात, तशी शाळाही दिसू शकते. 2020 साली कोरोनामुळं शाळा बंद होत्या, तेव्हा दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका लागत होती. केंद्र सरकारच्या शैक्षणिक वाहिन्याही फ्री डिशवर आहेत.

पण मी शिक्षक आहे, म्हणून सांगतो. पडदा शिकवतो, पण तुमची वही तपासत नाही, “काल का आला नाहीस?” असं विचारत नाही. माझ्या वर्गातल्या हजेरीपटावर दर हिवाळ्यात काही नावांपुढं गैरहजेरीच पडत जाते. काही मुलं गावच्या हंगामी वसतिगृहात राहतात. बाकीची आईबापाबरोबर जातात आणि फडात वाढं गोळा करतात, नाहीतर धाकट्या भावंडाला सांभाळतात. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला की परत येतात, तोवर पाढे विसरलेले असतात.

यावर उपाय आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणं अशा मुलांना जिथं जातील तिथल्या शाळेत बसता येतं. दाखला यायला उशीर झाला, म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.

तेव्हा सांगली, सातारा, कोल्हापूरच्या बालमित्रांनो, तुमच्या गावाबाहेर कोप्या पडल्या असतील तर तिथल्या मुलांची ओळख करून घ्या. तुमच्या गुरुजींना, बाईंना त्यांच्याबद्दल सांगा. सकाळी शाळेत जाताना एक हाक मारा, “येतोस का रे? येतेस का गं?” आणि बाकावर थोडं सरकून बसा.