लेझरचं काम संपल्यावर

चाळीसगाव तालुक्यात पाटणे इथे एस. ए. साळी यांनी केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि नक्षी कोरलेला एक तुकडा मिळाला. कार्बन-१४ वरून या कवचांचं वय सुमारे २५ हजार वर्षं निघालं. ती पद्धत अणू फुटण्याची वाट पाहणारी होती. ताज्या कार्बनच्या एका ग्रॅममध्ये मिनिटाला १३-१४ अणू फुटतात. इतक्या जुन्या कार्बनमध्ये सरासरी एकसुद्धा नाही. म्हणून ग्रॅमवारी नमुना जाळावा लागे, आणि चिमुकला मणी असा जाळून टाकायला कोण तयार होईल? १९७७ मध्ये त्वरकाने थेट अणूच मोजता येऊ लागले आणि मिलिग्रॅमवर भागू लागलं. अडचण होती ती शेजाऱ्याची. नायट्रोजन-१४ चं वस्तुमान जवळजवळ तेवढंच, आणि तो तर हवेत भरून राहिलेला. पण नायट्रोजनच्या अणूला जादा इलेक्ट्रॉन धरून ठेवता येत नाही. ऋण आयन करायला घेतले की तो दारातच गळतो.

ऋण आयन हे असं निवड करणारं साधन आहे, म्हणून ते लेझरने हवे तिथे, हवे तेव्हा बनवण्याचा मोह होतो. इथे माझं म्हणणं रूढ समजुतीच्या थोडं उलट आहे. लेझर ऋण आयन बनवत नाही. तो फक्त सामग्री मोकळी करतो. आयन बनतात ते प्रकाश विझल्यानंतर. लेझरचा शॉट लक्ष्यावर बसला की उसळणाऱ्या वाफेत इलेक्ट्रॉन भरपूर असतात, पण सुरुवातीला ते फार तापलेले असतात. एक इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे साडेअकरा हजार अंशांच्या वर, आणि कार्बनची इलेक्ट्रॉनवरची पकड जेमतेम १.२६ इलेक्ट्रॉनव्होल्टची. एवढ्या धुमश्चक्रीत जोडी जमली तरी टिकत नाही. इलेक्ट्रॉन चिकटताना सुटणारी ऊर्जा घेऊन जाणारा तिसरा कुणीतरी लागतो. म्हणूनच वाफेवर हेलियमचा झोत सोडतात. सिग्नल कमी दिसला की नवखा माणूस लेझरची शक्ती वाढवतो. मी आधी शॉटनंतरचा डिले आणि वायूचा दाब बघायला सांगेन.

मुंबईच्या टीआयएफआरमधल्या कामातून याला वेगळ्या बाजूने दुजोरा मिळतो. एम. कृष्णमूर्ती आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये आर्गॉनच्या अणुपुंजांवर अतितीव्र लेझर सोडला. आठ-आठ इलेक्ट्रॉन गमावलेले वेगवान आयन बाहेर निघाले आणि वाटेत ते सगळे परत मिळवून तटस्थ अणू झाले. इलेक्ट्रॉन देणारे होते बाहेरच्या वेढ्यातले उत्तेजित पुंज, ज्यांचे इलेक्ट्रॉन सैल धरलेले होते. ते ऋण आयन नव्हेत, हे खरं; पण इलेक्ट्रॉन कुठून आणि कधी मिळतो याचा धडा तोच आहे.

यावर आक्षेप असा, की नमुन्यावर सीझियमच्या आयनांचा मारा केला की ऋण आयन मुबलक मिळतात, मग लेझर कशाला? कालमापनापुरता तो मला मान्य आहे. अहमदाबादची पीआरएल असो की दिल्लीचं आययूएसी, तिथल्या त्वरकांवर एखाद्या जुन्या हाडाचं वय काढायला सीझियम पुरेसा आहे. लेझर लागतो तो नाजूक रेणूंसाठी, अणुपुंजांसाठी, आणि जिथे उड्डाणकाळ मोजायला सगळ्यांची सुरुवात एकाच क्षणी हवी तिथे. सीझियमच्या स्रोतावरच लेझर टाकून उत्पादन वाढवण्याची कल्पनाही निघाली, नेमक्या रंगाने सीझियमच्या अणूशी अनुनाद साधून. फिनलंडमध्ये युवास्किला इथल्या २०२० च्या प्रयोगात वाढ दिसली खरी, पण ती एका उंबरठ्यापलीकडच्या ऊर्जेला होत होती. त्यामुळे अनुनादाच्या स्पष्टीकरणाबद्दल शंका उरली.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे: जो प्रकाश आयन बनवायला आणला, तोच त्याचा इलेक्ट्रॉन उडवतो. खरंच उडवतो. हिरव्या ५३२ नॅनोमीटरच्या फोटॉनमध्ये २.३३ इलेक्ट्रॉनव्होल्ट असतात, म्हणजे कार्बनचा आयन गेलाच. १०६४ नॅनोमीटरच्या अवरक्त फोटॉनमध्ये १.१७, म्हणजे थोडक्यात वाचला. (झोत फार तीव्र असेल तर दोन फोटॉन मिळून हा हिशेब मोडतात.) पण व्हिएन्नाच्या व्हेरा प्रयोगशाळेने हाच दोष चाळणीसारखा वापरला. जुन्या भूजलाचं वय सांगणाऱ्या क्लोरिन-३६ च्या वाटेत गंधक-३६ आडवा येतो. गंधकाची पकड २.०८, क्लोरिनची ३.६१. हिरवा किरण गंधकाचा इलेक्ट्रॉन काढतो, क्लोरिनला धक्का लावत नाही. तिथेही आयनांना आधी हेलियममध्ये थोपवून हळू करावं लागतं, नाहीतर ते किरणातून इतक्या झपाट्याने निघून जातात की गंधकाच्या बऱ्याच आयनांची फोटॉनशी गाठच पडत नाही.