जमीन बसेपर्यंत

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा आला की नागपुरात एक प्रश्न हमखास ऐकू येऊ लागतो : 'जंगल कधी उघडतंय?' जणू जंगल म्हणजे एखादे दुकान आणि पावसाळा ही त्याच्या मालकाची वार्षिक सुट्टी. उत्तरही बहुधा ठरलेलेच असते. पेंच काय किंवा ताडोबा काय, गाभाक्षेत्र १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत पर्यटनासाठी बंद असते आणि १ ऑक्टोबरला फाटके उघडतात. आगाऊ नोंदणी झालेली असते, जिप्सी धुऊन-पुसून उभ्या असतात, पहिल्या दिवशी फाटकावर नारळही फुटतो. प्रश्न एवढाच, की हे सारे जमिनीला कोणी कळवलेले असते का?

कारण विदर्भातून मोसमी वारे परततात ते साधारणतः ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. म्हणजे फाटक उघडते तेव्हा पाऊस पुष्कळदा अजून घरातच असतो. त्या दिवसांतला जंगलातला रस्ता ज्याने पाहिला आहे, त्याला उन्हाळ्यातल्या धुळीच्या रस्त्याशी त्याचे नातेच लावता येत नाही. दोन्ही बाजूंचे गवत पुरुषभर वाढलेले. तरोटा आणि रानतुळस रस्त्याच्या मध्यापर्यंत घुसलेली. बांबूची बेटे पाण्याच्या भाराने ओणवी झालेली. सागाच्या शेंड्यांवर फुलोऱ्याची पांढुरकी धूळ, आणि या झाडापासून त्या झाडापर्यंत, नेमकी जिप्सीत उभ्या माणसाच्या तोंडाशी येतील अशी, मोठ्या कोळ्यांची जाळी. नाल्यावरच्या रपट्यांचे काठ पाण्याने खाल्लेले असतात. मुरमाचा रस्ता त्यातल्या त्यात लवकर सावरतो, पाणी निथळून जाते. काळ्या मातीचे तसे नसते. ती पाणी पिऊन फुगते, वरून कोरडी दिसू लागली तरी आत लोण्यासारखी राहते, आणि सावकाश सुकत सुकत भेगाळते. म्हणून वनविभाग सुरुवातीला निवडकच रस्ते खुले करतो. उरलेल्यांच्या तोंडाशी एखादी बल्ली आडवी टाकलेली असते. पर्यटक मात्र त्या बल्लीकडे पाहून कुरकुरतात. मीही कुरकुरत असे.

२०१९ सालची गोष्ट. त्या वर्षी पाऊस हलायलाच तयार नव्हता. देशातून मोसमी वाऱ्यांची परती सुरू झाली तीच मुळी ९ ऑक्टोबरला. इतका उशीर नोंदींमध्ये पूर्वी झालेला नव्हता. मी त्याच्या दोन दिवस आधी, ७ तारखेला, खंडेनवमीच्या दिवशी जंगलात होतो. जिप्सीला झेंडूची माळ घातलेली होती. दोन तास फिरून चार चितळ आणि एक मोर एवढेच पदरात पडले होते. तेवढ्यात डावीकडून, आडवी बल्ली टाकलेल्या एका रस्त्याच्या आतून, सांबराचा इशारा ऐकू आला. एकदा, मग पुन्हा.

"शंभर पावलं तर जायचंय, भाऊ," मी गाइडला म्हणालो.

"जमीन अजून बसली नाही जी, सर," तो म्हणाला. "पाय ठेवून पाहा, मंग सांगा."

मी पाय ठेवला नाही. मी युक्तिवाद केला. वर्गात पंचवीस वर्षे युक्तिवाद करण्याची सवय झालेल्या माणसापुढे, ज्याची रोजची पाळी पाहुण्याच्या खुशीवर अवलंबून असते असा माणूस किती टिकणार? बल्ली बाजूला झाली. शंभर नव्हे, पन्नासएक पावलांवर मागची चाके आत गेली, आणि ड्रायव्हरने जोर दिला तसतशी आणखी आत गेली. वाघ दिसला नाही. दुसऱ्या जिप्सीने दोर लावून आम्हांला ओढून काढले तेव्हा मागे गुडघाभर खोल दोन चर उरले होते आणि झेंडूची माळ चिखलात पडली होती.

गाइड आणि ड्रायव्हर यांच्या आठ-आठ दिवसांच्या पाळ्या गेल्या, हे मला नंतर कळले. दिवाळी तोंडावर होती. मला कोणी काहीच विचारले नाही. मी पाहुणा होतो. पैसे पाठवू का, असे फोनवर विचारले तेव्हा गाइड म्हणाला, "पैशाचं राहू द्या जी. पुढच्या वेळी म्हटलेलं ऐका."

त्या डिसेंबरात पुन्हा गेलो तेव्हा त्याच वळणावर थांबून मी ते चर पाहिले. विटेसारखे कडक झाले होते. सभोवार गवत पिवळे पडून डुलत होते, चरांत काडीही नव्हती. ओल्या मातीवर चाक दाबले की तिच्यातली हवेची जागा मिटते, मग पाणी मुरत नाही, ते चरातूनच धावू लागते आणि पुढचा पाऊस तो आणखी खोल करतो. म्हणजे माझी पन्नास पावले तेवढ्यावर संपणारी नव्हती.

पुढे ही हकीकत मी एका जुन्या विद्यार्थ्याला कळवली. तो अमेरिकेत मिशिगन राज्याच्या उत्तर भागात असतो. त्याने लिहिले की, त्यांच्याकडेही हेच, फक्त चिखलाऐवजी बर्फ. तिथल्या रानांतून स्नोमोबाइलच्या वाटा जातात. त्यांचा हंगाम कागदोपत्री १ डिसेंबर ते ३१ मार्च. पण १ डिसेंबरला बर्फ पातळ असते, त्याखालची दलदल गोठलेली नसते. जमीन कडक होऊन पुरेसे बर्फ पडल्याशिवाय वाट दाबून सारखी करणारे यंत्र फिरवता येत नाही. उतावळे लोक तरी निघतात. काही वाटा खाजगी जमिनींतून, मालकांच्या परवानगीने जातात. कोणी वाट सोडून शेत तुडवले की मालक परवानगी काढून घेतो आणि वाट सगळ्यांनाच मिटते. पत्र वाचून मला बरे वाटले असे म्हणणार नाही, पण एकटे वाटले नाही.

आम्ही मराठी शिकवणारे लोक 'चाकोरी' हा शब्द नेहमी तुच्छतेने वापरतो. चाकोरीबद्ध कथा, चाकोरीबाहेरची कविता. चाकोरी म्हणजे मुळात गाडीच्या चाकांनी जमिनीत पाडलेली खोबण, हे वर्गात सांगतानाही आमचा स्वर बदलत नाही. जंगलात मात्र एक चाकोरी पाळणे म्हणजे उरलेली सगळी जमीन सोडून देणे. वनखात्यात आयुष्य घालवलेल्या आणि जून २०२५ मध्ये निवर्तलेल्या मारुती चितमपल्लींच्या 'रानवाटा' या पुस्तकाचे नावही मला आता निराळे ऐकू येते. वाट पावलांनी पडते. तिला पाऊस ठाऊक असतो. रस्ता आपण चाकांसाठी करतो आणि त्याला तारीख देतो.

गेल्या ऑक्टोबरात त्याच गाइडबरोबर गेलो होतो. एका वळणावर तो खाली उतरला, टाच मातीत रोवून त्याने पाहिली, आणि न बोलता परत गाडीत येऊन बसला. आतून सांबर ओरडत होते. ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिले. मी गाडी वळवायला सांगितली.